ग्रॅव्हल बाइकसाठी सॅडल: आधी दुखतं कुठे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हायब्रिड सोडून ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडी-मुरमाच्या रस्त्यांसाठीची सायकल घेतली, टायर ४० मिमीचे. शनिवार-रविवार खडकवासल्याच्या पुढे पानशेतच्या बाजूला आणि कालव्याकाठच्या मुरमाच्या रस्त्यांवर पन्नास-साठ किलोमीटर होतात. तीसेक किलोमीटरनंतर बूड दुखायला लागतं आणि हल्ली पुढच्या बाजूला बधिरपणाही जाणवतो. दुकानदाराने जेलचं कव्हर दिलं. त्याने पहिले दहा किलोमीटर बरे जातात, पुढे आणखी त्रास होतो. सोबतचे म्हणतात, सवय होईल. हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची आहे, तर कोणती सॅडल, म्हणजे सीट, घेऊ, थेट नाव सांगा.

नावं सांगतो, पण शेवटी. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. हाडांवर दुखणं ही एक आणि पुढे बधिर होणं ही दुसरी. त्यांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. पहिलीला थोडे दिवस देता येतात. दुसरीला एक दिवसही देऊ नका.

म्हणून बधिरपणापासून सुरुवात करतो. गुदद्वार आणि जननेंद्रियं यांच्यामधल्या मऊ भागातून प्युडेंडल नावाचा मज्जातंतू आणि त्याच्यासोबत रक्तवाहिन्या जातात. शरीराचं वजन पेलायला हा भाग बनलेलाच नाही. त्यावर भार आला की आधी मुंग्या येतात, मग तो भाग बधिर होतो. १९९०च्या दशकात बोस्टनचे युरॉलॉजिस्ट डॉ. आयर्विन गोल्डस्टीन यांनी यावर उघडपणे बोलायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकेतल्या सायकल जगतात मोठी खळबळ उडाली. पुढे तिथल्या नायॉश या कामगार आरोग्याच्या सरकारी संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांचा अभ्यास केला आणि त्यांच्यासाठी नाक नसलेल्या सीटची शिफारस केली. आज बहुतेक सॅडलच्या मध्यभागी खाच किंवा आरपार भोक दिसतं, त्यामागे हा इतिहास आहे. स्त्रियांसाठी मात्र जॉर्जिना टेरी यांनी नाकात भोक असलेली सॅडल त्याच दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणली होती, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

‘सवय होईल’ हा सल्ला हाडांवरच्या स्नायू-त्वचेपुरता खरा आहे. मज्जातंतूला दाबाची सवय होत नाही. सायकलवरून उतरल्यावर काही मिनिटांत संवेदना परत येत असेल, तर सेटिंग आणि सॅडल बदलून प्रश्न सुटतो. बधिरपणा तासन्‌तास टिकत असेल, दुसऱ्या दिवशीही जाणवत असेल किंवा लघवीला अथवा लैंगिक संवेदनेत फरक पडला असेल, तर सायकल बाजूला ठेवा आणि युरॉलॉजिस्टला दाखवा. अवघड जागेचं दुखणं म्हणून लोक हे अंगावर काढतात. माझ्याकडे सायकलवरची बैठक जुळवून घ्यायला येणाऱ्यांतले अनेक जण पाठदुखी सांगत येतात आणि निघताना, दारात उभे राहून, हळूच हे सांगतात. तुम्ही ते सरळ लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

आता मूळ गोष्ट. सायकलवर बसल्यावर वजन बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवं. कडक बाकावर ताठ बसून हात खाली घातला तर दोन टोकं हाताला लागतात, तीच ही हाडं. त्यांच्या मधलं अंतर माणसागणिक बदलतं. साधारण १०० ते १५० मिमीच्या दरम्यान ते असतं आणि स्त्रियांमध्ये सरासरीने थोडं जास्त. या अंतराचा उंचीशी, वजनाशी किंवा बाहेरून दिसणाऱ्या बांध्याशी भरवशाचा संबंध नाही. सडपातळ माणसाची हाडं रुंद आणि धिप्पाड माणसाची अरुंद असं मी कित्येकदा मोजलं आहे. त्यामुळे ‘मी बारीक आहे, मला अरुंद सॅडल पुरेल’ हा हिशोब करूच नका.

सॅडल अरुंद पडली की हाडं तिच्या काठावरून बाहेर घसरतात आणि सगळं वजन मधल्या मऊ भागावर येतं. म्हणजे बधिरपणा आणि हाडांभोवतीचं दुखणं ही दोन्ही लक्षणं एकाच चुकीच्या रुंदीतून येऊ शकतात. तुमच्या बाबतीत मला हीच शक्यता पहिली वाटते. सायकलसोबत येणारी सॅडल बहुतेक वेळा एकाच मापाची असते आणि ती तुमची हाडं पाहून बसवलेली नसते.

मोजायला दुकानात जायची गरज नाही. खोक्याचा जाड पन्हळी पुठ्ठा घ्या, कडक स्टुलावर किंवा जिन्याच्या पायरीवर ठेवा, पातळ चड्डी घालून त्यावर बसा. टाचा उचला, म्हणजे गुडघे थोडे वर येतील. मग हँडल धरल्यासारखे पुढे झुका. दोन्ही हातांनी स्टुलाची कड पकडून स्वतःला खाली ओढा आणि अर्धा मिनिट तसेच बसा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसत नसतील तर वरून खडू आडवा फिरवा. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. हे दोन-तीनदा करा आणि मधला आकडा धरा.

या आकड्यात किती मिळवायचं ते तुमच्या बसण्यावर ठरतं. ताठ बसलं की वजन हाडांच्या मागच्या, रुंद भागावर येतं. पुढे झुकलं की पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचा हाडांचा सांगाडा, पुढे फिरतो आणि टेकण्याची जागा हाडांवरून पुढे सरकते. तिथे दोन्ही बाजूंची हाडं एकमेकांच्या जवळ येत जातात, त्यामुळे शर्यतीतल्या रोड बाइकवर तुलनेने अरुंद सॅडल चालते. ग्रॅव्हल बाइकचं हँडल रोड बाइकपेक्षा वर आणि जवळ असतं, पण हायब्रिडइतकं ताठही बसता येत नाही. म्हणून हाडांच्या अंतरात २० ते ३० मिमी मिळवा, ही चांगली सुरुवात. तुमचं अंतर १२० आलं, तर १४० ते १५० मिमीच्या सॅडल बघायच्या.

एक बारकावा मात्र ध्यानात घ्या. डब्यावर लिहिलेली रुंदी ही सगळ्यात रुंद जागेची असते. सॅडल आडवी सपाट असेल तर त्यातली बरीचशी रुंदी कामाला येते. कडा गोलाईने खाली उतरत असतील, तर १५० लिहिलेली सॅडलही प्रत्यक्षात १३०चीच जागा देते. दुकानात सॅडल डोळ्यांच्या पातळीवर धरून मागून बघा, हे लगेच कळतं. आकडा सारखा असून एक सॅडल मानवते आणि दुसरी नाही, याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

आता ते जेलचं कव्हर. ते आजच काढून ठेवा. मळलेल्या कणकेत दोन बोटं रुतवली की मधली कणीक वर येते. जाड जेलमध्ये बैठकीची हाडं रुततात तेव्हा हेच घडतं आणि मधला उंचवटा नेमका त्या मऊ भागाला दाबतो. सॅडलला खाच असेल तर कव्हर ती झाकूनही टाकतं. शिवाय ते इकडेतिकडे सरकत राहतं आणि जांघेत घासतं. पहिले दहा किलोमीटर बरं वाटणं आणि मग त्रास वाढणं, हे तुम्ही केलेलं वर्णन मऊ सॅडलचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. भाजी आणायला जाताना मऊ सीट ठीक. तीन-चार तास बसायचं असेल तर आधार देणारा, थोडा कडक, पण योग्य रुंदीचा पाया लागतो.

मग मुरमावरचे हादरे कोण घेणार? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि इथेच सॅडलकडून लोक नको ती अपेक्षा करतात. सॅडलचा फोम असतो एक-दोन सेंटिमीटर. ग्रॅव्हलवरची सततची थरथर अडवण्याचं पहिलं काम टायरचं. रोड बाइकच्या सवयीने ६०-७० पीएसआय हवा ठोकून भरली की ४० मिमीचा टायर लाकडासारखा वागतो. पंचाहत्तर किलोच्या माणसाने ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ३५पासून सुरुवात करावी. आत ट्यूब असेल तर खडीवर चिमटा बसून पंक्चर होऊ नये म्हणून थोडी जास्त. तुमच्या टायरमध्ये किती हवा आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. सॅडलवर एक रुपया खर्च करण्याआधी ते तपासा. हवा उतरवल्यावर निम्मी तक्रार गेल्याची उदाहरणं माझ्यासमोर आहेत.

टायरनंतर सीटपोस्ट, म्हणजे सॅडल ज्यावर बसते तो दांडा. २७.२ मिमी व्यासाचा पोस्ट ३०.९ किंवा ३१.६च्या पोस्टपेक्षा जास्त लवतो आणि तो फ्रेमबाहेर जितका लांब दिसतो तितकं लवणं वाढतं. कार्बनचा पोस्ट थरथर कमी करतो. त्याहून पुढे जायचं तर सस्पेन्शन सीटपोस्ट असतात. रेडशिफ्टच्या शॉकस्टॉपला ३५ मिमी आणि केन क्रीकच्या ईईसिल्कला २० मिमी खेळ आहे. पाठीचा जुना त्रास असलेल्यांना मी हे मनापासून सुचवतो. सॅडलचं कवच आणि रेल, म्हणजे तिच्याखालच्या दोन सळ्या, हेही थोडं लवतात, पण त्यांचा वाटा या दोघांनंतरचा.

आणि त्याहीनंतर तुम्ही स्वतः. रस्ता खराब आला की दोन्ही पेडल आडवी समान ठेवून वजन पायांवर घ्यायचं आणि बूड सॅडलपासून कागदभर वर उचलायचं. डोंगरवाटेवर हे आपोआप होतं. चढावर माणूस उभा राहतो, उतारावर मागे सरकतो. कालव्याचा रस्ता मात्र फसवा असतो. तिथे चढ नाही, उतार नाही, वळणही फारसं नाही. तासभर एकाच जागी, एकाच दाबाखाली, बारीक थरथरीत बसणं होतं. पानशेतच्या चढ-उताराच्या रस्त्यापेक्षा कालव्यावर तुम्हाला जास्त त्रास होत असेल, तर आश्चर्य वाटायला नको. दर दहा-पंधरा मिनिटांनी वीस-तीस सेकंद उभं राहून पेडल मारा. घड्याळात अलार्म लावावा लागला तरी चालेल.

सॅडल बदलण्याआधी आहे त्या सॅडलची बैठक सुधारून बघा. क्रम असा ठेवा: आधी तिरकेपणा, मग उंची, मग पुढे-मागे. एका वेळी एकच गोष्ट हलवा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. हात लावण्याआधी आताची मापं वहीत लिहा आणि सीटपोस्टवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून खूण करा.

तिरकेपणा तपासायला सपाट जमिनीवर सायकल उभी करा, सॅडलवर कडक पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवा आणि त्यावर फोनमधलं लेव्हल ॲप. शून्य अंशापासून सुरुवात करा. नाक वर असेल तर बधिरपणाचं कारण तिथेच सापडलं. शून्यावरही त्रास राहिला, तर नाक एक-दोन अंश खाली करा. त्यापुढे गेलात की शरीर पुढे घसरायला लागतं, ते हातांनी रोखावं लागतं आणि मनगटं, खांदे दुखायला लागतात. तीन-चार अंश खाली केल्याशिवाय चैन पडत नसेल, तर त्या सॅडलचा आकार तुमचा नाही किंवा हँडल फार लांब आहे.

उंचीसाठी जुनी टाचेची पद्धत घरच्या घरी पुरेशी आहे. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, सीटट्यूबच्या (सॅडलखालच्या उभ्या नळीच्या) रेषेत खाली आणा, पेडलवर टाच ठेवा, गुडघा नुसता सरळ व्हायला हवा. मग पायाचा चवडा पेडलवर आला की गुडघ्यात हवी तेवढी वाक येते. सॅडल उंच झाली की प्रत्येक फेरीला कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि मऊ भाग नाकावर घासतो. कुणाला तरी मागून व्हिडिओ काढायला सांगा. डोलणं स्वतःला जाणवत नाही, व्हिडिओत मात्र लख्ख दिसतं. ग्रॅव्हलवर मी लोकांना रोड बाइकपेक्षा तीन ते पाच मिमी खाली बसवतो. उसळणाऱ्या रस्त्यावर तेवढी मोकळीक लागते.

पुढे-मागेची गोष्ट थोडी किचकट आहे, पण तुमच्या बाबतीत महत्त्वाची. हायब्रिडवरून आलेल्या माणसाला खाली वळलेल्या ड्रॉप हँडलचे हूड, म्हणजे ब्रेकवरची धरायची जागा, लांब वाटतात. मग तो नकळत पुढे सरकून सॅडलच्या नाकावर बसतो. सॅडल कितीही चांगली असो, नाकावर बसलेल्याला ती आधार देऊ शकत नाही. तुमच्या सॅडलचं मागचं रुंद कापड कोरं आणि नाकाजवळचं घासलेलं, चकचकीत दिसतंय का ते बघा. तसं असेल तर उपाय सॅडल पुढे ढकलण्याचा नाही. दहा-वीस मिमी आखूड स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) लावा किंवा हँडल एखाद्या स्पेसरने, म्हणजे खाली घालायच्या कडीने, वर घ्या. स्टेम सॅडलपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो.

एवढं करूनही त्रास राहिला, तर नवीन सॅडल घ्या. रुंदी ठरली की आकाराकडे वळायचं.

लांबीपासून बघू. जुन्या पद्धतीच्या सॅडल २७० ते २८० मिमी लांब असत. २०१५मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची पॉवर ही सॅडल आली, साधारण २४० मिमीची, आणि काही वर्षांतच जवळपास सगळ्या कंपन्यांनी आखूड नाकाच्या सॅडल काढल्या. ड्रॉपमध्ये खाली झुकल्यावर पुढे बोचणारा भागच नसतो, हा तिचा मोठा गुण. उतारावर मागे जाऊन परत बसताना शॉर्ट्स नाकात अडकत नाहीत, हा ग्रॅव्हलवरचा जास्तीचा फायदा. तोटा म्हणजे बसायची जागा एकच. ज्यांना लांब पल्ल्यात कधी पुढे, कधी मागे सरकायची सवय असते, त्यांना ती कोंडल्यासारखी वाटते. बधिरपणाची तक्रार असलेल्याला मी आधी आखूड नाकच देऊन बघतो.

आखूड सॅडल बसवताना हमखास एक गोंधळ होतो. जुन्या सॅडलचं नाक जिथे होतं तिथेच नवीनचं नाक आणलं, तर बसायची रुंद जागा तीनेक सेंटिमीटर पुढे जाते आणि गुडघ्यांवर ताण येतो. नाकाचं टोक विसरा. जुन्या सॅडलवर जिथे रुंदी ८० मिमी होते त्या जागी खूण करा आणि हँडलपासून तिथपर्यंत मोजा. नवीन सॅडलवरही ८० मिमी रुंदीची जागा शोधा आणि ती त्याच अंतरावर आणा. उंचीही त्याच जागेवरून जुळवा.

बाजूने बघितल्यावर काही सॅडल सपाट दिसतात, काहींची मागची बाजू उचललेली असते. सपाट सॅडलवर मागे-पुढे सरकता येतं. लाटेसारखी सॅडल पेल्व्हिसला मागून धरून ठेवते, त्यामुळे ज्यांची कंबर फारशी वाकत नाही त्यांना ती मानवते. उभं राहून गुडघे न वाकवता पायाच्या बोटांना हात लावून बघा. सहज लागत असेल तर सपाट, नडगीच्या मध्यापर्यंतच जात असेल तर लाटेची. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे, पण बऱ्याचदा कामी येतो.

जांघेत घासत असेल तर सॅडल वरून बघा. नाकापासून मागे हळूहळू रुंद होत जाणारी सॅडल जाड मांड्यांना घासते. नाक बारीक राहून मागे एकदम रुंद होणारी मांड्यांना वाट देते. एकाच बाजूला घासत असेल तर मात्र सॅडलला दोष देण्याआधी ती सरळ बसली आहे का, दोन्ही बुटांची क्लीट (पेडलमध्ये अडकणारी तळाची पट्टी) सारखी आहे का आणि पायांच्या लांबीत फरक आहे का हे तपासा.

मधल्या मोकळ्या जागेबद्दल माझं मत असं: बधिरपणा असेल तर ती हवीच, पण आरपार भोक आणि खोल खाच यांत निवड शरीर करतं. काहींना भोकाच्या कडाच बोचतात आणि दाब मधून उठून दोन्ही बाजूंना जातो. अशांना खाच बरी. पावसाळ्यात आरपार भोकातून मागच्या चाकाचा लाल चिखल थेट अंगावर येतो, एवढं कोकणात किंवा ताम्हिणीच्या बाजूला चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. रेलला अडकवायचं छोटं प्लॅस्टिक मडगार्ड त्यावर पुरतं.

तुमच्या ग्रुपमधल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र चार ओळी लिहितो, कारण त्यांना दुकानात ‘लेडीज’ लिहिलेली, रुंद, जाड, मऊ सॅडल हातात दिली जाते आणि विषय संपतो. त्या सॅडलमध्ये बहुधा वरची कणकेची गोष्टच घडते. पुढे झुकल्यावर बाह्य जननेंद्रियांवर दाब आणि घर्षण येतं, सूज येते, लघवी करताना आग होते. हे सोसण्याचं कारण नाही. लांब आणि रुंद खाच किंवा भोक, आखूड नाक आणि मोजून घेतलेली रुंदी हे बघावं, पाकिटावर पुरुष लिहिलंय की स्त्री ते बघू नये. १४३ मिमीवर आरामात बसणाऱ्या स्त्रिया आहेत आणि १६८ लागणारे पुरुषही.

चामड्याच्या सॅडलचा मोह अनेकांना होतो, मलाही ती फार सुंदर वाटते. ब्रुक्स ही कंपनी १८६६ सालची, आणि तिची बी१७ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चालत आली आहे. आतला फोमच नसल्याने चामडं ताणल्यासारखं राहतं आणि हळूहळू तुमच्या हाडांचा आकार घेतं. ताठ बसून लांब टूरिंग करणाऱ्याला तिच्यासारखी सॅडल नाही. पण आपल्याकडे चार महिने पाऊस. ओल्या चामड्यावर बसून चालवलं की ते कायमचं ताणतं, आणि घरात ठेवल्यावर त्यावर बुरशी चढते. शिवाय तिच्या रेल आखूड असल्याने पुढे-मागे सरकवायला जागा कमी मिळते. ब्रुक्सचं रूप हवं आणि पावसाची काळजी नको, तर रबराची कॅम्बियम घ्यावी. सी१५ अरुंद, सी१७ मधली, सी१९ रुंद.

रेलबद्दल फार वेळ घालवत नाही. ग्रॅव्हलसाठी क्रोमोली किंवा साध्या स्टीलच्या गोल ७ मिमीच्या रेल घ्या. कार्बनच्या रेल अंडाकृती, ७ बाय ९ मिमीच्या असतात आणि त्यांना वेगळा क्लॅम्प लागतो. सॅडलखाली मोठी बॅग बांधणार असाल तर पट्ट्यांमधली वाळू त्या रेल घासत राहते. शंभर ग्रॅम वाचवण्यासाठी हा व्याप नको.

शॉर्ट्स ही सॅडलचीच दुसरी बाजू आहे. पॅड असलेल्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. हे शंभरदा सांगितलं तरी लोक घालतात आणि त्याची शिवण नेमकी हाडाखाली येते. पॅड जाड म्हणजे चांगला असंही नाही. तो घट्ट बसणारा, न सरकणारा हवा. बिबचे खांद्यावरचे पट्टे पॅड जागेवर धरून ठेवतात, म्हणून लांब पल्ल्याला बिबच घ्या. आपल्या दमट हवेत घामाने केसतोड आणि गळवं होतात. त्या भागातले केस वस्तऱ्याने काढू नका, राइडआधी घासणं कमी करणारी क्रीम लावा, राइड संपल्यावर चहाच्या टपरीवर तासभर त्याच ओल्या शॉर्ट्समध्ये बसू नका, आणि प्रत्येक राइडला धुतलेलीच शॉर्ट्स घाला.

आता नावं. हाडांचं अंतर मोजून तुम्ही १४०-१५०मध्ये याल असं धरून सांगतो. आखूड नाक आणि मोठं भोक हवं तर स्पेशलाइज्ड पॉवर, १४३ किंवा १५५. दोन्हींच्या मध्ये अडकलात तर ग्रॅव्हलसाठी रुंदवाली घ्या. फिझिकची टेरा आर्गो ग्रॅव्हल डोळ्यासमोर ठेवूनच केलेली आहे, १५० आणि १६०मध्ये येते. तिचा मागचा भाग थोडा उचललेला आहे, त्यामुळे कमी वाकणाऱ्यांना मी आधी ती देतो. अर्गॉनची एसआर ऑलरोड स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळ्या घडणीत मिळते आणि थरथर चांगली घेते. डब्ल्यूटीबीची व्होल्ट नेहमीच्या लांबीची, थोडी लाटेची, टिकाऊ आणि यातली खिशाला सोयीची. तुमच्या सायकलसोबत तीच आली असेल तर रुंदी खाली लिहिलेली सापडेल, ती मापाशी ताडून बघा. ‘ग्रॅव्हल’ हे लेबल मात्र गरजेचं नाही. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समधल्या अनबाउंडसारख्या २०० मैलांच्या शर्यतीतही कितीतरी जण आपली नेहमीची रोडची सॅडलच वापरतात, कारण तिच्यावर त्यांचं शरीर बसलेलं असतं. थ्रीडी प्रिंटिंगने जाळी विणलेल्या नव्या महागड्या सॅडल खरोखर चांगल्या आहेत, दाब छान पसरवतात, पण रुंदी चुकली तर त्याही दुखवतात. तुमचा आकार एकदा सापडल्याशिवाय तेवढे पैसे घालू नका.

विकत घेण्याआधी ग्रुपमध्ये विचारा. प्रत्येक सायकलवाल्याच्या घरी न मानवलेल्या दोन-तीन सॅडल पडलेल्या असतात आणि लोक पंधरवडाभर आनंदाने देतात. चाचणी तुमच्या नेहमीच्याच रस्त्यावर, त्याच शॉर्ट्समध्ये, तेवढ्याच हवेवर करा. दुकानाबाहेर दोन चकरा मारून काही कळत नाही. निदान दोन तास बसा, अशा तीन-चार राइड करा, आणि घरी आल्यावर कुठे दुखलं, किती वेळाने दुखलं ते लिहा. हाडांवर थोडं दुखून दर राइडला कमी होत असेल तर सॅडल ठेवा. बधिरपणा एकदाही आला तर आधी तिरकेपणा बघा, तरी आला तर ती परत करा.

बीआरएमचं म्हणाल, तर २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि त्यातला बराच वेळ सॅडलवर जातो. त्यामुळे नवी सॅडल निदान महिनाभर आधी पक्की झालेली असू द्या, आणि त्याआधी तिच्यावर शंभराची एक राइड करा. आदल्या आठवड्यात सॅडल, शॉर्ट्स, क्लीट यांतलं काहीही बदलू नका.

तोवर या शनिवारी कव्हर काढा, हवा उतरवा, नाक शून्य अंशावर आणा. पुठ्ठ्यावरचा आकडा, सॅडलच्या खाली लिहिलेली रुंदी आणि हूड धरून बसलेला बाजूचा एक फोटो एवढं मला पाठवा. त्यावरून आधी स्टेम बदलायचा की सॅडल, ते नेमकं सांगता येईल.